उशाशी बसण्याचा अधिकार

न्यायालयाचे निकालपत्र हे साहित्य आहे काय, असा प्रश्न एखादा चिकित्सक वाचक विचारील. कथा, कविता, नाटक यांचा परामर्श घेणाऱ्या पानांवर निकालपत्राला जागा का द्यावी? माझे उत्तर असे की, ज्या लेखनात माणसाच्या जगण्यामरण्याविषयी शब्द तोलून वापरलेले असतात आणि ज्यातील एका शब्दाच्या अर्थावरून रुग्णाच्या खाटेजवळ कोणी उभे राहावे व कोणी दाराबाहेर थांबावे हे ठरते, ते लेखन नीट वाचणे हे समीक्षेचेच काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी अरुणा रामचंद्र शानबाग यांच्या प्रकरणात दिलेला निकाल हे अशा लेखनाचे उदाहरण आहे. 'दयामरणाचा खटला' म्हणून तो गाजला आणि त्याची चर्चाही मुख्यतः त्याच अंगाने झाली. परंतु या निकालपत्राच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे व तो तितकाच गंभीर आहे. जो माणूस स्वतः बोलू शकत नाही, त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा? रक्ताच्या नात्याचा, लग्नाच्या नात्याचा, की ज्याला कोणतेही कायदेशीर नाते नाही अशा स्नेह्याचा? प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने निकालपत्राचे वाचन करण्याचा विचार आहे.

प्रथम घटना आठवू. अरुणा शानबाग मूळच्या कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. त्याच रुग्णालयातील एका डॉक्टरांशी त्यांचे लग्न ठरले होते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर पाशवी हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. दृष्टी, वाचा आणि भान हरपलेल्या अवस्थेत त्या पुढे साडेएकेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात राहिल्या आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे देहावसान झाले. या दीर्घ काळात आईवडील निवर्तले व इतर नातेवाइकांचे येणे थांबले. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, परंतु शुश्रूषेत खंड पडला नाही. १९८० च्या दशकात महानगरपालिकेने त्यांना रुग्णालयातून हलविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा परिचारिकांनी तो विरोध करून हाणून पाडला. इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीला अंथरुणाची एकही जखम झाली नाही. ज्यांनी घरी आजारी माणसाची सेवा केली आहे, त्यांना या एका वाक्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

सन २००९ मध्ये पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. अरुणा यांना दिले जाणारे अन्न थांबवावे व त्यांना शांतपणे मरू द्यावे, अशी ती विनंती होती. विराणी या पत्रकार व लेखिका. १९९८ साली त्यांनी अरुणा यांच्या जीवनावर इंग्रजीत पुस्तक लिहिले होते. याचिका त्यांनी स्वतःसाठी केली नव्हती. अरुणा यांच्या 'नेक्स्ट फ्रेंड' या नात्याने त्या न्यायालयात उभ्या राहिल्या होत्या. कायद्याच्या भाषांतरात या संज्ञेला 'वादमित्र' असा शब्द आहे. अज्ञान बालक किंवा भान नसलेला मनुष्य यांच्या वतीने दावा चालविणाऱ्यास कायदा हे नाव देतो. एरवी ही केवळ कामकाजाची संज्ञा. तिच्यातील 'मित्र' या शब्दाकडे कोणी लक्षही देत नाही. या खटल्यात मात्र त्या शब्दाला स्वतःचा अर्थ सांगावा लागला, कारण रुग्णालयाने हरकत घेतली. के. ई. एम.च्या अधिष्ठात्यांनी व कर्मचाऱ्यांनी सांगितले की, अरुणा आमच्या आहेत आणि त्या जगाव्यात अशी आमची इच्छा आहे.

तेव्हा न्यायालयापुढे मित्रत्वाचे दोन दावे होते. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा यांच्या पीठाने विराणी यांच्या सामाजिक तळमळीचा आदराने उल्लेख केला, परंतु 'वादमित्र' हे स्थान त्यांना दिले नाही. त्या अरुणा यांना मोजक्या वेळा भेटल्या होत्या आणि त्यांनी पुस्तक लिहिले होते. उलट रुग्णालयाचे कर्मचारी रात्रंदिवस सेवा करीत आले होते. म्हणून अरुणा यांचे खरे मित्र हे कर्मचारीच होत, असे न्यायालयाने ठरविले आणि अन्न थांबविण्याची विनंती फेटाळली.

निकालपत्राचा हा भाग मला त्यातील सर्वांत मौलिक वाटतो. मैत्रीची कसोटी काय, याचे उत्तर न्यायालयाने कोशात शोधले नाही. ज्याने सेवा केली तो मित्र, असे त्याने म्हटले. शोमरोनी माणसाच्या दाखल्यात शेजारी कोण हा प्रश्न ज्या वळणाने सुटतो, तेच हे वळण. तेथेही प्रश्न विचारणाऱ्याला शेजाऱ्याची व्याख्या हवी होती आणि मिळाली ती दयेची कृती. सराईच्या मालकानेही त्या जखमी माणसाशी तुझे नाते काय, असे शोमरोन्याला विचारल्याचे शुभवर्तमान सांगत नाही.

साहित्याच्या वाचकाला येथे थोडे थांबावे लागते. लेखिका आणि परिचारिका यांच्यात न्यायालयाने परिचारिकेला कौल दिला. लेखकाचा आपल्या लेखनविषयावर काही हक्क असतो काय? विराणी यांच्या पुस्तकामुळे अरुणा शानबाग हे नाव रुग्णालयाच्या भिंतींबाहेर गेले. मराठीतही दत्तकुमार देसाई यांनी १९९४-९५ च्या सुमारास 'कथा अरुणाची' हे नाटक लिहिले. प्रथम ते महाविद्यालयीन रंगमंचावर झाले आणि २००२ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. या लेखनाने समाजाची विस्मृती मोडली, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. विराणी यांची याचिका नसती, तर जीवन लांबविणारे उपचार थांबविण्याविषयीचे देशातील पहिले मार्गदर्शक नियमही तेव्हा आले नसते. परंतु दुसऱ्याचे दुःख समजणे आणि दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी सहृदयता पुरते. दुसरीसाठी सहवास लागतो. लेखक आपल्या पात्राचा शेवट ठरवू शकतो, कारण पात्र त्याने निर्माण केलेले असते. अरुणा कोणाचेही पात्र नव्हत्या. न्यायालयाने ही मर्यादा अचूक ओळखली.

अन्न थांबविण्याच्या मूळ विनंतीविषयी ख्रिस्तसभेची भूमिका वाचकांना ठाऊक आहे. रुग्णाला असह्य ओझे होणारे व निष्फळ ठरणारे उपचार नाकारता येतात, हे १९८० च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्राने स्पष्ट केले आहे. अन्नपाणी मात्र सर्वसाधारण शुश्रूषेत मोडते, असे २००७ साली पुन्हा सांगण्यात आले. त्या दृष्टीने निकालाचे फलित आपल्याला पटण्यासारखेच आहे. परंतु फलित पटले म्हणून युक्तिवादाची तपासणी टळत नाही, आणि माझे मतभेद युक्तिवादाविषयी आहेत.

पहिला मतभेद निकालपत्राच्या आरंभाशीच आहे. न्यायमूर्तींनी प्रारंभी मिर्झा गालिबचा एक शेर दिला आहे. मरणाची आस लागलेली असताना मरण येत नाही, अशी त्या शेरातील व्यथा. शेर थोर आहे, पण येथे तो चुकीच्या मुखी पडला आहे. गालिबचा माणूस स्वतःची इच्छा स्वतः बोलून दाखवतो. अरुणा यांची इच्छा काय होती, हे कोणालाही ठाऊक नव्हते, न्यायालयालाही नव्हते. सारा खटलाच त्या अज्ञानातून उभा राहिला होता. ज्यांना वाचा नाही त्यांच्या ओठांवर पहिल्याच ओळीत मरणेच्छा ठेवून निकालपत्र सुरू होते आणि शेवटी त्यांना मरण नाकारते. रुग्णाच्या मौनाला आपला अर्थ देण्याचा मोह किती मोठा असतो, हे यावरून दिसते. याच मोहाला आवर घालण्यासाठी, रुग्णाला खरोखर ओळखणारा माणूस त्याच्या उशाशी असावा लागतो.

दुसरा मतभेद अधिक महत्त्वाचा आहे. पुढील प्रकरणांसाठी न्यायालयाने जो क्रम घालून दिला, त्यात निर्णयाचा अधिकार आईवडील, पती वा पत्नी किंवा अन्य जवळचे नातेवाईक यांचा. त्यांपैकी कोणीच नसेल तर वादमित्राचा. आणि उपचार करणारे डॉक्टरही तो घेऊ शकतात. सर्वांवर उच्च न्यायालयाची संमती हवी. म्हणजे ज्या मित्रत्वाचा एवढा गौरव केला, त्याला न्यायालयाने रांगेच्या शेवटी उभे केले. नातेवाईक असतील तर सेवा करणाऱ्याचा शब्द ऐकण्याचे कारणच उरत नाही. उद्या एखादा दूरचा आप्त, ज्याने तीस वर्षांत तोंड दाखविले नाही, तो आला तर? विशेष म्हणजे मालमत्तेच्या लोभाने नातेवाईक अपकृत्य करू शकतील, ही भीती न्यायालयाने स्वतःच व्यक्त केली आहे. ज्यांच्याविषयी संशय व्यक्त केला त्यांनाच प्रथम स्थान, आणि ज्यांची निष्ठा सिद्ध झाली त्यांना अखेरचे, ही विसंगती निकालपत्रात शेवटपर्यंत सुटत नाही.

या क्रमात आणखी एका व्यक्तीला जागा नाही. १९७३ साली अरुणा यांचे ज्यांच्याशी लग्न ठरले होते, ते डॉक्टर कायद्याच्या दृष्टीने कोण होते? कोणीच नव्हते. वाङ्निश्चयाने समाजात नाते जुळते. रुग्णालयाच्या कागदावर ते उमटत नाही. लग्न आणखी एक महिना आधी झाले असते तर त्यांची सही पहिली मानली गेली असती. तीच व्यक्ती, तोच स्नेह, तेच रुग्णालय. मध्ये फक्त एक विधी. विधीचे महत्त्व मी, एक धर्मगुरू, कमी लेखणार नाही. परंतु अरुणा यांनी ज्याच्यावर आयुष्य सोपविण्याचे ठरविले होते, त्याला त्यांच्या आजारात काही विचारलेही जाऊ नये, हे न्यायबुद्धीला पटत नाही.

निकालपत्र सोडून इतर कायद्यांकडे पाहिले तरी असाच गोंधळ दिसतो. सज्ञान रुग्णाच्या वतीने दुसऱ्या कोणाचीही सही चालत नाही, हा खरे तर मूळ सिद्धांत आहे. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात तो ठामपणे सांगितला. एक अविवाहित स्त्री तपासणीसाठी भूल दिलेल्या अवस्थेत असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले. प्राणावर बेतले नसताना आईची संमती ग्राह्य धरता येत नाही, रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबावयास हवे होते, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे जन्मदात्या आईचाही अधिकार मुलीच्या स्वतःच्या शब्दापुढे दुय्यम आहे. तरीही डॉक्टरांच्या वर्तनाविषयीचे २००२ चे नियम वाचा. शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी तेथे पती अथवा पत्नीचा उल्लेख आधी येतो, अज्ञान मुलांच्या बाबतीत आईवडील वा पालकांचा त्यानंतर आणि खुद्द रुग्णाचा सर्वांत शेवटी. शब्दांच्या क्रमातून विचारांचा क्रम कळतो, तो असा.

अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यात तर 'स्नेह' हा शब्दच आलेला आहे. जवळचा नातेवाईक नसलेली व्यक्ती स्नेहापोटी किंवा ममत्वापोटी अवयव देऊ शकते, मात्र त्यासाठी प्राधिकार समितीची मान्यता हवी. अवयवांचा बाजार रोखण्यासाठी ही तपासणी आवश्यक आहे, यात शंका नाही. पण स्नेहाला स्वतःचा पुरावा द्यावा लागतो आणि रक्ताचे नाते मुळातच पुरावा मानले जाते, हा फरक ध्यानात यावा.

अपवाद एकच दिसतो व तो मोलाचा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो २०१८ पासून अमलात आला, तो प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क देतो. साध्या कागदावर लिहून खाली सही किंवा अंगठा केला की पुरे. प्रतिनिधी नातेवाईकच असला पाहिजे, अशी अट नाही. कोणाचीच नेमणूक केलेली नसेल तर प्रथम नातेवाईक, पण त्यानंतर लगेच काळजीवाहक, म्हणजे रुग्णाबरोबर राहून त्याची देखभाल करणारी कोणतीही व्यक्ती. येथे क्रमाची सुरुवात रुग्णाच्या स्वतःच्या निवडीने होते. मनाच्या आजारासाठी जे शहाणपण कायद्याला सुचले, ते शरीराच्या आजारासाठी का सुचू नये?

हा प्रश्न मुंबईच्या मोठ्या रुग्णालयापुरता आहे, असे कोणी समजू नये. अकोटसारख्या तालुक्याच्या गावी तो रोज उभा राहतो, फक्त त्याला कोणी प्रश्न म्हणत नाही. शेतमालक म्हातारा, पत्नी वारलेली, मुले पुण्याला. रात्री छातीत कळ आली तर गाडी करून अकोल्याच्या सर्वोपचारला नेतो तो घरचा सालदार. दोन विधवा जावा-जावा नव्हेत, बहिणीही नव्हेत. नुसत्या शेजारणी, वीस वर्षे एका चुलीवर जेवलेल्या. त्यांतली एक आजारी पडते आणि तिला नागपूरला मेडिकलमध्ये हलवावे लागते. तेथे हाक येते, 'पेशंटचे नातेवाईक कोण?' सालदार पुढे होतो, शेजारीण पुढे होते, आणि कागदावरच्या 'रुग्णाशी नाते' या रकान्यापाशी दोघांचेही बोलणे खुंटते. आपल्या भाषेनेच रुग्णासोबतच्या माणसाला 'नातेवाईक' असे सरसकट नाव देऊन टाकले आहे. जो सोबत आला आहे त्याला 'सोबती' म्हणण्याची सोय त्या रकान्यात नाही.

वस्तुतः वऱ्हाडच्या मातीला हा विचार परका नाही. अकोटहून फार दूर नसलेल्या परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या शंभराहून अधिक दिव्यांग मुलामुलींना आपले नाव दिले. त्यांच्या कागदपत्रांवर पिता म्हणून बाबांचे नाव लागते. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रक्ताचा थेंबभर संबंध नसलेले हे पितृत्व शासनाने कागदावर स्वीकारले. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभारली. ज्यांना घरच्यांनी उंबरठ्याबाहेर काढले त्यांनी तेथे एकमेकांना आधार दिला. अशा ठिकाणी खरा आप्त कोण, हे रक्ताच्या क्रमाने ठरविणे क्रूरपणाचे होईल. सोयरेपणाचा अर्थ घराबाहेर वाढविण्याचे काम आपल्या मराठी संतांनी शतकांपूर्वी केले आहे. कायद्याची भाषा त्या मानाने मागे आहे.

आपल्या धर्मग्रामातील वाचकांना हा विषय आणखी एका कारणाने जवळचा वाटावा. व्रतस्थ जीवन जगणारे आम्ही सारे अविवाहित आहोत. एखादी धर्मभगिनी वयाच्या विसाव्या वर्षी केरळातून किंवा वसईतून निघते आणि उभे आयुष्य वऱ्हाडात शाळेत वा दवाखान्यात घालविते. ती आजारी पडली तर तिच्या उशाशी मठातील भगिनी असतात, सही मठाधिकारिणी करते आणि रुग्णालय सहसा हरकत घेत नाही. का? तिचे नाते रक्ताचे नाही, लग्नाचे नाही. ते निवडलेले, वचनाने बांधलेले आणि सहवासाने सिद्ध झालेले नाते आहे. समाज ते पाहतो आणि मानतो. जे नाते मठाच्या भिंतीआड आपण सहज मान्य करतो, ते भिंतीबाहेरच्या दोन वृद्ध मैत्रिणींना नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

क्रूसाखालचा प्रसंग आठवावा. प्रभूच्या आप्तांचा उल्लेख शुभवर्तमानात येतो. तरीही शेवटच्या घटकेला त्याने आपली माता सोपविली ती शिष्याच्या हाती, आणि त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेले. येथे दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत: ज्याचा अधिकार होता त्याने स्वतः नाव घेतले, आणि ज्याचे नाव घेतले तो त्या वेळी तेथे हजर होता. निवड आणि सोबत. अरुणा शानबाग निकालपत्राला यातील दुसरी दिसली. पहिली दिसली नाही, कारण अरुणा यांना निवड सांगण्याची संधीच मिळाली नव्हती. परंतु पुढील रुग्णांसाठी नियम करताना न्यायालयाने ती संधी निर्माण करावयास हवी होती.

यावर प्रामाणिक आक्षेप येतील आणि ते टाळून चालणार नाही. विवाह न करता एकत्र राहणाऱ्यांना असा अधिकार दिल्यास विवाहसंस्थेचे महत्त्व कमी होईल, असे काही वाचकांना वाटेल. समलिंगी जोडीदारांचा प्रश्नही यातच येतो. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, परंतु त्यांना कोणते हक्क देता येतील याचा विचार करण्यासाठी मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे केंद्र सरकारचे आश्वासन नोंदवून घेतले. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळविले की, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. या सवलतीतील विपर्यास पाहा: मृत्यूनंतर देह मागता येतो, पण जिवंतपणी कोणते उपचार त्याला नको होते हे सांगण्याचा निश्चित अधिकार नाही. विवाह हा पवित्र संस्कार आहे, ही आपली श्रद्धा रुग्णालयाच्या फॉर्मवर अवलंबून नाही. अतिदक्षता विभागात पडलेल्या माणसाची एकटेपणातून सुटका केल्याने कोणाचाही विवाह उणा होत नाही. रुग्णाभ्यंग संस्कारासाठी बोलावणे येते तेव्हा १९८३ च्या धर्मसंहितेचे १००६ वे कलम आम्हाला एवढेच पाहावयास सांगते की, शुद्धीवर असताना या माणसाने निदान अप्रत्यक्षपणे तरी या संस्काराची इच्छा दर्शविली होती काय. बेशुद्ध माणसाविषयी ही गोष्ट मला कोण सांगणार? जो त्याच्याबरोबर राहिला तोच. त्या क्षणी त्या दोघांच्या नात्याची छाननी करणे हे माझे काम नसते.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. एकाकी वृद्धाला भुलवून त्याचे घरशेत बळकावणारे 'मित्र' आपण सर्वांनी ऐकले आहेत. हा धोका खरा आहे. परंतु नातेवाइकांच्या लोभाचा धोकाही तितकाच खरा आहे, आणि दोहोंवर उपाय एकच: निवड आधी, लेखी, साक्षीदारांसमोर, आणि केव्हाही रद्द करता येईल अशी असावी. तिसरा आक्षेप आईवडिलांच्या वेदनेचा आहे. पोटच्या मुलाविषयी परक्याने बोलावे, हे त्यांना बोचणारच. म्हणून नातेवाइकांना माहिती मिळण्याचा व भेटण्याचा अधिकार कायम राहिला पाहिजे. मित्राला स्थान देणे म्हणजे आईला बाहेर काढणे नव्हे. रुग्णाने ज्याचे नाव घेतले त्याचे प्रथम ऐकावे, एवढीच मागणी आहे.

कायदा या दिशेने थोडा सरकला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ९ मार्च २०१८ रोजी आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे बोलीभाषेत 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली. प्रारंभी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे. २४ जानेवारी २०२३ रोजी ती अट शिथिल करण्यात आली. आता सज्ञान व्यक्तीने स्वेच्छेने लिहिलेला कागद दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केला की चालतो, आणि त्यात एकाहून अधिक नावेही देता येतात. असे कागद जपून ठेवण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये अधिकारी नेमल्याचे महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सांगितले आहे. परंतु येथेही नाव लिहिण्याच्या जागी शब्द आहेत ते 'पालक किंवा जवळचा नातेवाईक'. 'मित्र' हा सरळ शब्द तेथे नाही. शिवाय हा कागद जीवन लांबविणारे उपचार नाकारण्यापुरता आहे. साध्या शस्त्रक्रियेच्या वेळी, अपघातानंतरच्या पहिल्या रात्री, मित्राने काय करावे, याचे उत्तर त्यात मिळत नाही. मानसिक आरोग्याच्या कायद्यात जी प्रतिनिधीची तरतूद आहे, तीच सर्व आजारांना लागू करणारा कायदा संसदेने करावा, अशी मागणी वाचकांनी आपापल्या लोकप्रतिनिधींकडे केली पाहिजे.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करावे. प्रत्येक कुटुंबाने एकदा निवांत बसून हे बोलावे. घरातील अविवाहित काका, परगावी नोकरी करणारी मुलगी, एकटी राहणारी विधवा मावशी, यांना विचारावे, 'तुला काही झाले तर तुझ्या वतीने कोणी बोलावेसे वाटते?' उत्तरात आपले नाव येणार नाही, याची तयारी ठेवावी. जे नाव येईल ते लिहून ठेवावे, त्या व्यक्तीला घरी बोलावून ओळख करून घ्यावी, तिचा फोन नंबर आपल्याकडे असू द्यावा. नातेवाईक आणि मित्र यांची पहिली भेट अतिदक्षता विभागाच्या दारात होऊ नये.

अरुणा शानबाग यांच्या निकालपत्राने सेवेला मित्रत्वाचे नाव दिले, याबद्दल ते वाचनीय आणि वंदनीय आहे. रुग्णाच्या स्वतःच्या शब्दाला मात्र त्यात जागा मिळाली नाही. अरुणा यांच्या अंत्यसंस्काराला ज्या परिचारिका उभ्या होत्या, त्यांतील कित्येकींचा १९७३ साली जन्मही झाला नव्हता. ज्यांना त्यांनी कधी चालताबोलता पाहिले नाही, अशा एका सहकारिणीला त्यांनी आपले मानले होते. हे प्रेम कोणत्याही कायद्याने शिकविलेले नव्हते. ते एवढे स्पष्ट दिसत असताना त्याला रांगेच्या शेवटी उभे करू नये, इतके तरी कायद्याला करता येईल.